परड्यातला पाला

अक्का, दमले मी. आधी हेच सांगते, कारण तुम्ही गेल्यापासून हे सांगायला माणूसच उरलं नाही. आल्या-गेल्याला चहा करून दमले, "कसं काय ओ झालं अचानक?" याला तेच ते उत्तर देऊन दमले, आणि तुमच्या बंद दारासमोरून रोज मान खाली घालून जाता-येता तर पार दमले. पूर्वी मी दमले म्हटलं की तुमच्या दारातून ठरलेलं उत्तर यायचं, "मग बस की गं शालन. कोण पळवून न्यायलंय तुला?" आता बस म्हणणारं कुणी नाही, त्यामुळे बसणंही होत नाही.

आपण जावा-जावा म्हटलं की लोक गालात हसायचे. थोरली नि धाकटी, एकाच घराची दोन दारं, म्हणजे भांडण आलंच. आणि खोटं तरी कुठं होतं ते? चुली वेगळ्या होत्या, पण मागचं परडं एक होतं. त्या परड्यावरनं आपण जेवढं भांडलो तेवढी दोन गावं शिवेवरनं भांडली नसतील. आणि तुम्ही मधेच उठून गेलात. भांडण अर्धं टाकून जायची सवय तुमची नव्हती, अक्का. तुम्हाला शेवटचा शब्द लागायचाच.

ते पाखरांचं खूळ तुमच्या डोक्यात कसं शिरलं, ते मला चांगलं आठवतं. तुमचे मालक गेल्यावर पिठाची गिरणी तुम्ही एकटीनं चालवलीत. गुडघे बोलायला लागले तेव्हा ती बंद केलीत, आणि गिरणीत उरलेली ज्वारी रोज मूठमूठ परड्यात टाकायला लागलात. चिमण्या येतील म्हणून. चिमण्या राहिल्या बाजूला, आली ती कबुतरं. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीवर, खिडकीच्या चौकटीत, जिथं बघावं तिथं त्यांची घाण. पाठोपाठ घुशी आल्या. मी डोक्याला हात लावला. तुम्ही मात्र आठवडाभर बघितलंत, आणि एका सकाळी उरलेली ज्वारी कामवालीला देऊन टाकलीत.

"फुकटची पंगत म्हटल्यावर हीच पयल्यांदा बसणार," म्हणालात. "ज्याला बोलवायचंय त्याला दाणं नकोत, शालन. पाणी पायजे."

मग ते मातीचं पसरट भांडं आलं. त्यात मधोमध एक दगड, लहान पाखराला पाय टेकायला. भांडं झुडपाच्या जवळ, म्हणजे मांजर आलं तर आत घुसता यावं. मी उभा जन्म मुलांना शिकवण्यात घालवलेला, मला त्या पाण्यात पाखरं दिसायच्या आधी डासांच्या अळ्या दिसल्या. "डेंगीला आमंत्रण आहे हे," मी म्हटलं. तुम्ही रोज सकाळी भांडं राखेनं घासून नवं पाणी भरायला लागलात, ते मला दिसेल अशा बेतानं. पुढं गोड्या तेलाच्या रिकाम्या डब्याला दाभणानं भोक पाडून तो आंब्याच्या फांदीला टांगलात. थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडायचं. त्या टपटपीनं मला वेड लागायची पाळी आली, पण पाखरं त्या आवाजावर यायची हे नाकबूल करता येत नाही. बुलबुल आले. डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले चिमुकले चष्मेवाले आले, जास्वंदीवर शिंजीर आला. पपई पिकली की तुम्ही ती झाडावरच ठेवायचात आणि मी बाजारातून विकत आणायची. "आवं, घरची पपई पाखरांना नि आपण पैशाची खायची?" मी विचारायची. तुम्ही म्हणायचात, "व्हय. ती कुठं बाजाराला जाणार?"

एवढं सगळं मी सोसलं. पण पाला? पाला सोसणं माझ्याच्यानं झालं नाही, आणि आजही सांगते, माझं काही चुकत नव्हतं.

आंब्याचा पाला, उंबराचा पाला, शेवग्याची ती तांदळाएवढी पानं. मी सकाळी उठून खराटा हातात घेतल्याशिवाय तोंडात चहा घालत नाही, हे या पेठेत शेंबडं पोरगंही सांगेल. पुढच्या दारात झाडून सडा, रांगोळी. मागचं परडंही तसंच आरशासारखं पाहिजे. आणि तुम्ही कंबरेवर हात ठेवून आडव्या. "ठेव तो खराटा. पाल्याखाली किडं, नि किड्यांवर पाखरं. परडं चाटून पुसून ठेवलंस तर त्येनी काय फरशी खायची?" सातभाई यायचे तेव्हा तर तुम्ही मला मुद्दाम हाक मारायचात. तो कळकट थवा कलकलाट करत पानं उलटीपालटी करायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "बघ, तुझ्यापेक्षा चांगलं झाडत्यात."

शेवटी वाटणी झाली. पुढचं दार माझं, मागचं तुमचं. मी तरी कुठली गप्प बसतेय. तुम्ही बाजाराला गेलात की कडेकडेनं चार हात मारून घ्यायची. तुम्ही पिशवी खाली ठेवायच्या आत ओळखायचात आणि दोन दिवस माझ्याकडं बघून नुसतं "हं" म्हणायचात.

आणि मग यांना लकवा मारला.

उजवं अंग गेलं, वाचा गेली. सगळ्या शब्दांतला एक शब्द तेवढा शिल्लक राहिला. व्हय. भूक लागली का? व्हय. पोट भरलं का? व्हय. दुखतंय का, बरं वाटतंय का, मी कोण, ही कोण, सगळ्याला व्हय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलायचं असतं एक आणि तोंडातून येतो तो एकच शब्द. मी पहिल्या महिन्यात त्या व्हयवर विश्वास ठेवून यांना दोनदा जेवू घातलं, आणि यांनी ते ओकून टाकलं.

तुम्ही कधी विचारलंच नाहीत. तुम्ही दोन हातांत दोन वस्तू धरायचात, यांच्या तोंडासमोर. एका हातात चहा, एका हातात ताक. एकात निळा शर्ट, एकात पांढरा. मग नुसत्या डोळ्यांकडं बघायचात. "त्याचं तोंड गेलंय, डोळं न्हाई," म्हणायचात. मला ते जमायचं नाही. मला घाई असायची. आणि तुम्हाला जमणारच की. लग्न होऊन तुम्ही या घरात आलात तेव्हा हे चड्डीवर शाळेत जात होते, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. यांना न्हाऊ तुम्ही घातलंत, यांचं डबा-दप्तर तुम्ही केलंत, शाळेत मास्तरांनी मारलं तर पदर खोचून तुम्ही गेलात. तुमच्या पोटी काही झालं नाही. लोकांपुढं भावजी म्हणायचात, पण कुणी नसलं की बाळू. मला ते कधी कधी टोचायचं, हे पण आज सांगून टाकते. माझ्या नवऱ्यावर माझ्या आधीचा कुणाचा तरी हक्क होता.

रोज सकाळी यांची चाकाची खुर्ची तुम्ही मागच्या दारात, उंबऱ्याच्या आत आणून ठेवायचात आणि स्वतः तुमच्या उंबऱ्यावर बसायचात. बाजूबाजूची दोन दारं, दोघं गप्प. मी आतून भांडी आपटायची. पाण्याचं ते भांडं तुम्ही त्या दिवसांत किती वेळा हलवलंत! एकदा डावीकडं, एकदा उंबराखाली, मग नेमकं माझ्या कपड्यांच्या दोरीच्या वाटेत. मला वाटलं, खोडी काढताय. मी ते पायानं सरकवायची, तुम्ही परत आणून ठेवायचात.

मग तो दिवस. हे नेहमीसारखे बसले होते. एक बुलबुल भांड्यावरून उडाला तो सरळ खुर्चीच्या दांड्यावर येऊन बसला, यांच्या मेलेल्या हाताशेजारी. आणि तुम्ही हसून म्हणालात, "असंच बसा भावजी. हलू नगासा. पाखरांस्नी तुमी खांब वाटताय."

माझ्या हातातली कळशी खाली पडली. माझा नवरा, पेठेत ज्याच्या आवाजानं कुत्री भुंकायची थांबायची तो माणूस, खांब? मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, तुम्हाला पाठ असेल. तुम्ही नेहमीसारखं उलट बोलला नाहीत. "शालन, तसं न्हवं गं," एवढंच म्हणालात. मी दार लावून घेतलं. त्यानंतर आपण बोललो नाही. तुम्ही खुर्ची न्यायला यायचात, मी पाठ फिरवायची. चार-पाच दिवस गेले असतील. आणि एका सकाळी तुम्ही खुर्ची न्यायला आलाच नाहीत. मला वाटलं, रुसलात. सडा झाला, चहा झाला, तरी दार बंद. मग मात्र मी दार ढकललं.

तुम्ही झोपेतच गेला होतात. चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नाही, काही नाही. मला वाटत होतं, निदान राग तरी असेल.

माझ्या अमितनं सगळं केलं, तुमच्या पोटच्या पोरानं केलं असतं तसं. तुम्हाला बाहेर काढलं आणि आपल्या पेठेतल्या बायका रीतीप्रमाणं घर झाडून धुऊन काढायला लागल्या, माणसं मसणवट्यातून यायच्या आत. मी भिंतीला टेकून बसले होते. मला कुणी काही करू दिलं नाही. आणि त्या बिचाऱ्या, मायेनं, दोन्ही घरं धुऊन झाल्यावर परड्यात उतरल्या. "काय उकिरडा झालाय बाई, आता पावणं येणार." खराटे चालले. सगळा पाला गोळा करून पेटवला. झुडूप कापून नीट केलं. पाण्याचं भांडं ओतून पालथं घातलं, टांगलेला डबा काढून टाकला. उंबराच्या बुडाला शेणानं सारवलं. तासाभरात परडं मला आयुष्यभर पाहिजे होतं तसं लख्ख झालं. मी बघत होते, अक्का. रडताना मला एक क्षण असंही वाटून गेलं, चला, झालं एकदाचं स्वच्छ.

दुसऱ्या दिवसापासून परडं मुकं झालं. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. घरात माणसांची गर्दी, रक्षाविसर्जन, दहावं, बारावं. माणसं पांगल्यावर मी यांची खुर्ची मागच्या दारात नेली, तुमची रीत मोडायला नको म्हणून. यांनी त्या लख्ख जमिनीकडं बघितलं आणि डोळे मिटले. हनुवटी छातीला लावली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घास तोंडात धरून ठेवायला लागले. डॉक्टरनी गोळ्या बदलल्या. म्हणाले, वय आहे, खचतात माणसं.

अमित म्हणाला, "पप्पा एका जागी बसून कंटाळलेत, आई. परड्यात पेव्हिंग ब्लॉक टाकू. खुर्ची बाहेर काढता येईल, उन्हात फिरवता येईल. तुझा पण पाय घसरायचा नाही." त्याचं काय चुकलं? पोरगं बापाचंच बघत होतं. आणि त्यानं बापाला विचारलंही. "पप्पा, टाकू ना ब्लॉक?"

"व्हय."

"बघ, पप्पांनीच परवानगी दिली," म्हणाला, आणि ठरलं. मी हो म्हटलं, कारण मी दमले होते, आणि फरशी धुवायला सोपी असते. तुम्ही असतात तर आडव्या पडला असता. नव्हता. आणि खरं सांगायचं तर तुम्ही नव्हता याचाच मला राग आला होता. म्हटलं, जायचं होतं ना? मग आता आमचं आम्ही बघतो.

ब्लॉकवाला आला, माप घेतलं. नमुन्याला एक लाल ब्लॉक यांच्या खुर्चीशेजारी ठेवला. चांगला माणूस. म्हणाला, "काय मालक, हाच टाकू न्हवं?"

"व्हय."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी विचारलं, "अहो, नको ना टाकायला?"

"व्हय."

ब्लॉकवाला हसला. मला हसू आलं नाही. खुर्चीतल्या या माणसाला आम्ही काही विचारलंच नव्हतं, अक्का. महिनाभर सगळ्यांनी मिळून याच्या तोंडून आपापलं उत्तर काढून घेतलं होतं. मी तो ब्लॉक उचलला, एका हातात कसाबसा पेलला इतका जड. आंब्याखाली नुकतीच पडलेली चार पानं होती, ती दुसऱ्या हातात घेतली. आणि यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तुम्ही राहायचात तशी. दोन्ही हात पुढं करून. ब्लॉकवाला बघतोय, अमित म्हणतोय, "आई, काय चाललंय तुझं?" मी घाई केली नाही. पहिल्यांदाच घाई केली नाही.

यांनी डोळे उघडले. ब्लॉककडं बघितलंसुद्धा नाही. डावा हात उचलला आणि ती पानं माझ्या हातातून ओढून घेतली, छातीशी धरली.

मग एकेक करून सगळं मला दिसायला लागलं. भांडं सारखं का हलत होतं? खुर्चीवरून यांना ते नीट दिसावं म्हणून. उजवीकडं यांना दिसतच नाही, म्हणून डावीकडं. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून उंबराखाली. ती पाखरं तुमचं खूळ होती तोवर कधी भांड्यानं जागा सोडली नव्हती. हे आजारी पडल्यावर परडं तुम्ही यांच्यासाठी मांडलंत. ज्यासाठी बोलायची, हलायची गरज पडू नये असं काहीतरी रोज याच्या दारात यावं म्हणून. आणि खांब म्हणालात ते पण मला आता कळलं. साऱ्या जगाला जो माणूस निकामी दिसत होता, त्याच्याजवळ पाखरं येतात, कारण तो हलत नाही, हे तुम्ही त्याला सांगत होता. चेष्टा करूनच सांगितलंत, कारण दया आलेली यांना खपत नव्हती. मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर? पण तुम्ही सांगणाऱ्यातल्या नव्हताच. केलेलं बोलून दाखवलं की उपकार होतो, हे तुमचं ठरलेलं. असू दे. पण मी तुमची ऋणी आहे, अक्का. तुम्हाला आवडो न आवडो, मी बोलून दाखवणार.

ब्लॉकवाल्याला चहा पाजून परत पाठवला. अमित दोन दिवस फुगून होता. "साप निघेल आई," म्हणाला. निघेल तेव्हा बघू म्हटलं.

पण परड्यात पाला होता कुठं? जाळून टाकलेला. आंबा दिवसाला टाकून टाकून किती पानं टाकणार? शेवटी मी काय केलं, ऐका. सकाळी रस्ता झाडणाऱ्या बायका कोपऱ्यावर पाल्याचा ढीग करून ठेवतात ना, तिथं पोतं घेऊन गेले. मी! वर्गात कागदाचा कपटा पडला तर अख्ख्या वर्गाला उभं करणारी बाई, भर रस्त्यात उकिडवी बसून पाला भरत होते. शेजारची इंदू गॅलरीतून ओरडली, "काय ओ बाई, कचरा घरात न्यायलाय?" मी म्हटलं, "व्हय, कमी पडायलाय." ती आत जाऊन नवऱ्याला काय म्हणाली असेल, मला ऐकू आलं नाही, पण कळलं. प्लास्टिक वेचून काढलं, पाला परड्यात पसरला. भांडं उताणं केलं, पाणी घातलं, दगड ठेवला. डबा टांगायला अमितच शिडीवर चढला.

पाखरं लगेच आली नाहीत. मला वाटलं होतं, येतील. रोज सकाळी मी यांची खुर्ची दारात नेत होते आणि शेजारी पाट टाकून बसत होते. बसणं किती अवघड असतं, अक्का. हात शिवशिवतात, खराट्याकडं जातात. पाठ दुखते. मनात येतं, आमटी उतू जाईल. हे मात्र डोळे उघडे ठेवून बसायचे, त्या पाल्याकडं बघत. घास गिळायला लागले होते.

काल सकाळी दयाळ आला. काळा-पांढरा, शेपटी उभी. कुंपणावरून टुणकन खाली उतरला, आमच्यापासून हातभर अंतरावर. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, काहीतरी चोचीत धरलं. यांच्याकडं बघितलं, म्हटलं, आता खुलतील. पण हे पाखराकडं बघतच नव्हते. यांनी मान वळवली होती तुमच्या दाराकडं. पाखरू आलंय, मग तुम्ही उंबऱ्यावर कशा नाही, म्हणून. बंद दाराकडं बघत राहिले, कुलपाकडं बघत राहिले. यांनी माझ्याकडं बघितलं, परत दाराकडं, परत माझ्याकडं. मी मान हलवली. नाहीत. अक्का नाहीत.

तुम्हाला नेलं त्या दिवशी सगळे म्हणत होते, यांना काही कळत नाही तेच बरं. तुम्ही पुढच्या दारानं गेलात, आणि हे मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसले होते. खुर्ची वळवायचं कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा नाही.

काल ते रडले, अक्का. तोंड उघडं टाकून, आवाज काढून, शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखे. दयाळ केव्हाच उडून गेला होता. मी यांचं डोकं पोटाशी धरलं आणि मीही रडले. बाराव्याला सगळे जेवून म्हणाले, सुतक फिटलं. आपल्या घरात ते कालपासून सुरू झालंय.